माझा फोटो काढा म्हणाव

समीरने मला फसवलं आणि माझ्या हातांनी बबनला फसवलं. समीर म्हणजे ‘भट्टी’ या आमच्या जालन्याच्या रॉक बँडचा गायक. बबन त्याच बँडचा ड्रमवाला. मी त्यांचे फोटो काढणारी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बबनबद्दल वाचून कुणी ‘काय छान माणूस होता’ म्हणेल आणि पान उलटेल. माणूस छान होताच. पण मी तेवढ्यासाठी लिहायला बसलेली नाही.

बबन गेला त्याला दोन उन्हाळे झाले. त्याचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. त्याचं फोनवरचं बोलणं नेहमी तुकड्यांत यायचं. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून तो आवाजाचे मेसेज पाठवायचा. त्यासाठी बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं. पंचवीस वर्षं ड्रमची काठी धरून बबनच्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता, की फोनच्या काचेला तो अंगठा धड कळायचाच नाही. बोलता बोलता बटण सुटायचं आणि मेसेज अर्धाच निघून जायचा. मग मागून दुसरा यायचा. तो नेहमी एकाच शब्दाने सुरू व्हायचा: ‘सुटला.’

एकदा सकाळी त्याचा मेसेज आला, ‘ताई, आजचं फोटोचं रद्द—’ मी पुढचं ऐकलं नाही. जीपवाल्याला फोन करून नको म्हणाले, लाइट उतरवून ठेवले, बँडच्या पोरांना चार शिव्या घातल्या. तासाभराने बबन कोट घालून दारात हजर. दुसरा मेसेज तोपर्यंत माझ्या फोनमध्ये तसाच पडून होता: ‘सुटला. रद्द तर न्हाई ना झालं, असं इचारून राह्यलो.’ सगळे पोट धरून हसले, समीर तर खालीच बसला. त्या दिवसापासून आमच्यात ठरूनच गेलं, बबनभाऊंचा पहिला मेसेज ऐकून कुणी जागेवरून हलायचं नाही. दुसऱ्याची वाट बघायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आता तो कसा भेटला ते सांगते. माझा स्टुडिओ जुन्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ आहे. मी दहावी नापास. सोळाव्या वर्षी एका उस्तादांकडे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला लागले. नवरीच्या गालावरचे वण काढायचे, नवरदेवाच्या डोळ्यांखालचं काळं काढायचं, हे माझं काम. पुढे स्वतःचा स्टुडिओ टाकला. कुणी दिला नाही, कुणी मदत केली नाही. माझ्या जिभेला धार आहे असं लोक म्हणतात. ती नसती तर मोंढ्यातल्या आडत्यांनी मला दोन वर्षांत गुंडाळून ठेवलं असतं.

तर एका दुपारी काळे टी-शर्ट घातलेली तीन पोरं आली. समीर पुढे, एक उंच, एक चष्मेवाला. म्हणाली, ‘बँडचा फोटो पाहिजे.’

मी म्हटलं, ‘ड्रेस कुठंय? आणि बाकीचे? तिघांत कुठली वरात निघते?’

समीरचं तोंड उतरलं. ‘लग्नाचा बँड नाही ताई. रॉक बँड.’

‘कुठलाही असो. माझ्याकडे तिघांचा फोटो निघत नाही.’

आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. तिघांतला एक जातो म्हणतात. माझा विश्वास आहे का, हे विचारू नका. उद्या त्यातल्या एकाला ठेच लागली तरी त्याची आई माझ्या दारात येईल, एवढं मला कळतं. उस्ताद तिघांच्या मध्ये फुलदाणी ठेवायचे. मी फुलदाणीही मानत नाही. मी म्हटलं, चौथं माणूस आणा.

बाकावर एकजण ओळखपत्राच्या फोटोसाठी बसला होता. पंचेचाळिशीचा, काळा, काटक. अंगात लग्नाच्या बँडचा लाल कोट, खांद्याला पिवळे गोंडे. सगळं ऐकून तो उठला आणि म्हणाला, ‘मी हुबा राह्यलो तर चालंन का? जल्दी व्हईल. माझी बदनापूरची गाडी हाय.’

तो बबन, बदनापूरला राहणारा. तिघांच्या शेजारी उभा राहिला, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. ‘ताई, काठी नसली की हे हात उगंच लोंबून राह्यलेत. काय करू यांचं?’

मी म्हटलं, ‘ठेवा कुणाच्या तरी खांद्यावर.’

त्याने डावा हात समीरच्या खांद्यावर ठेवला. मी फोटो काढला. तीन काळे टी-शर्ट आणि एक लाल कोट. समीर पडद्यावर तो फोटो बराच वेळ बघत राहिला. बबन मात्र त्याला विचारत होता, ‘रॉक म्हंजे काय असतंय?’

‘स्टेजवर वाजवतो आम्ही. आमची स्वतःची गाणी.’

‘नवरदेव नसतो?’

‘नसतो.’

‘मंग चालता कोणाच्या पुढं?’

‘चालत नाही. एका जागी उभं राहून वाजवतो.’

बबनने जरा विचार केला. ‘एका जागी हुबं राहून वाजवायचं. मंग पोचायचं कुठं?’

पोरं हसली. पण पुढच्या रविवारी समीर त्याला घेऊन आला. या पोरांकडे ड्रमवाला नव्हता, लॅपटॉपमधला ठोका लावून ती वाजवायची. चष्मेवाल्याच्या काकांचं बियाण्याचं गोदाम होतं, तिथे रविवारी दुपारी सराव चालायचा. सरकीच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत. गिटारचा जाड आवाज निघाला की पोत्यांवरची धूळ उडायची आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तरंगायची. अशा उजेडासाठी मोठ्या शहरातले फोटोग्राफर मशीन आणतात. मला तो फुकट मिळत होता, म्हणून मी जायला लागले. ‘भट्टी’ हे नाव पोरांनी घेतलं ते आमच्या लोखंडाच्या कारखान्यांवरून.

बबनने पहिल्या दिवशी लॅपटॉपचा ठोका ऐकला आणि म्हणाला, ‘हे मशीन थकत न्हाई. म्हणून त्याला थांबायचं कळत न्हाई.’ मग स्वतः बसला. सुरुवातीला पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी त्याचं जमेना. लग्नात तो ढोल दुसरा माणूस गळ्यात घेऊन वाजवतो. ‘हे दुसऱ्याचं काम माझ्या पायाला लावून राह्यले तुम्ही,’ म्हणायचा. महिन्याभरात जमलं. वरातीचा ठोका त्याने पोरांच्या गाण्याखाली असा घातला, की जिथे आधी नुसता आरडाओरडा होता तिथे कुणीतरी चालत येतंय असं वाटायला लागलं. गाणं जमलं की तो एकच शब्द बोलायचा, ‘बराबर.’ आणि वाद नको असला की म्हणायचा, ‘बराबर हाय.’ त्या एका ‘हाय’मध्ये बोलणं संपायचं. मग त्याच्याकडून पुढचा शब्द काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

समीर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, ऑफिसातल्या साहेबाचा मुलगा. पण बबन त्याला ‘मास्तर’ म्हणायचा. लग्नाच्या बँडमध्ये पुढे चालणारा तो बँडमास्तर. समीरला ते फार आवडायचं.

दोन वर्षांत मी त्यांचे शेकडो फोटो काढले. रॉकवाल्यांचे फोटो काढणं नवरा-नवरीपेक्षा अवघड असतं, कारण नवरा-नवरीला निदान आपण कशासाठी उभे आहोत ते माहीत असतं. गाणारा कॅमेऱ्याकडे बघतो. गिटारवाला स्वतःच्या बोटांकडे बघतो. चष्मेवाला आपण बरे दिसतोय का, हे बघतो. बबन समीरकडे बघायचा. नेहमी. एकही फोटो असा नाही की त्यात त्याची नजर माझ्याकडे आहे. ओळखपत्राचा फोटोही त्या पहिल्या दिवशी गाडीच्या घाईत राहून गेला आणि पुढे त्याने काढलाच नाही.

‘बबनभाऊ, इकडे बघा.’

‘बघून राह्यलो की.’

‘कुठं बघताय? डोळे तिकडे आहेत.’

‘कानानं बघून राह्यलो, ताई. डोळे मास्तरच्या खांद्यावर लागत्यात. हात मागून हलतो, खांदा आधी सांगतो. खांदा सुटला की ठोका सुटला.’

मग मी भडकायचे आणि तो म्हणायचा, ‘बराबर हाय.’ आणि परत खांद्याकडेच बघायचा. ड्रम नसतानाही, नुसतं उभं राहायचं असलं तरी. हातही पहिल्या दिवसापासून तिथेच. फोटो म्हटलं की बबनचा डावा हात समीरच्या खांद्यावर जायचा, जशी काही ती हात ठेवायची जागाच आहे.

एकदा आम्ही अंकुशनगरला गेलो होतो. कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, तिच्यापुढे चौघांना उभं करून मी फोटो घेतले. ‘भट्टी’चा सगळ्यात चांगला फोटो तोच. परत येताना रस्त्यात अंतरवाली सराटीच्या चौकात चहाला थांबलो. बबनचं गाव तिथून जवळच. पोरं म्हणाली, चला ना भाऊ, तुमचं घर बघू. तो नको म्हणाला. पोरं पानाच्या टपरीवर गेल्यावर मला म्हणाला, ‘त्या घरात माझा खिळा हाय, ताई. फोटो न्हाई.’

मी विचारलं, म्हणजे काय?

तो कुणब्याचा मुलगा. घरी कपाशी, सोयाबीन, चार माणसांत मान. थोरल्याने शेती धरली आणि हा विसाव्या वर्षी बँडात गेला. दुसऱ्याच्या दारात वाजवायला जातो म्हणून बापाने बोलणं टाकलं. ‘समोरच्या भितीवर सगळ्यांचे फोटो व्हते. आज्याचा, थोरल्याचा, माझा बी. बापानं माझा फोटो काढला. काढला म्हंजे तुम्ही काढता तसा न्हाई. भितीवरून काढला. खिळा मातर तसाच. म्हातारीनं खिळा काढू दिला न्हाई.’

‘मग आता?’

‘आता काय. बाप गेला की. पर मी कोणत्या तोंडानं म्हणू, की लावा माझा फोटो.’

मग समीर आला आणि बबनने विषय बदलला. मला आठवतं, त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, याचा एकट्याचा एक चांगला फोटो काढून द्यायला हवा. म्हटलं आणि विसरले. लग्नसराई होती.

त्या पावसाळ्यानंतर संभाजीनगरला एक मोठा कार्यक्रम ठरला. बाहेरचे चार-पाच बँड येणार होते. समीर एकटाच स्टुडिओत आला. अंकुशनगरचा फोटो पोस्टरला घ्यायचा म्हणाला. ‘फक्त एक करायचं, ताई. तिघंच पाहिजेत.’

‘तिघांचा फोटो माझ्याकडे निघत नाही. माहीत आहे तुला.’

‘निघालेलाच आहे. एक कमी करायचाय. आयोजकांनी त्यांचा ड्रमवाला दिलाय. बबनभाऊ त्या लोकांत... म्हणजे दिसायलाच वेगळे दिसतात ना.’

मी विचारलं, आणि मी विचारलं होतं हे नीट वाचा, ‘बबनभाऊंना माहीत आहे का?’

‘त्यांचंच म्हणणं आहे,’ समीर म्हणाला आणि त्याने फोन पुढे धरला.

बबनचा आवाज आला. मागे स्टेशनचा भोंगा वाजत होता. ‘मास्तर, तू फोटोचं म्हणून राह्यला व्हता ना, तर ताईला सांग. माझा फोटो काढा म्हणाव. माझं काही म्हणणं न्हाई—’

मी म्हटलं, ‘मला पाठव हे.’ उद्या कुणी फिरलं तर हाताशी असावं. समीरने लगेच फोन मागे घेतला आणि पाठवलं.

यानंतर मी काय केलं तेही सांगते, कारण समीरला ते माहीत आहे आणि त्याने ते सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं. मी घासाघीस केली. पैशासाठी नाही, नावासाठी. दोन वर्षं यांचे फोटो काढले, माझं नाव कुठे आलं नव्हतं. समीर म्हणाला, खाली कोपऱ्यात टाकू. मी म्हटलं, कोपऱ्यात मावेल एवढं माझं नाव लहान नाही, फोटोच्या बरोबर खाली, मधोमध, बँडच्या नावाच्या निम्म्या अक्षरात. तो म्हणाला, एवढं मोठं कुणी देत नाही. मी म्हटलं, मग दुसऱ्याकडून करून घे, कुणाला जमतंय बघू. अर्धा तास चालला हा खेळ. शेवटी तो हो म्हणाला. मी जिंकले. बबन जिवंत होता, बदनापूरला होता, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, आणि मी त्या अर्ध्या तासात अक्षरांचा आकार मोजत होते.

मग मी बबनला काढलं. आधी पाय, मग कोट, मग चेहरा. त्याच्या जागी मागच्या गाडीतला ऊस भरला. काढणं हा तर माझा पहिल्यापासूनचा धंदा. समीरच्या खांद्यावरची चार बोटं तेवढी राहिली. फोटोपुरती समीरने गिटार अडकवली होती, तिच्या नक्षीदार पट्ट्यावर होती ती, पट्ट्याचीच नक्षी वाटली असती. मी सगळ्यांना सांगत आले, की ती मला दिसली नाहीत. दिसली होती. तिथपर्यंत आले आणि माझा हात पुढे गेला नाही. म्हटलं राहू दे, कुणाला कळतंय.

आठ दिवसांनी भर दुपारी बबन आला. हातात पोस्टर. बदनापूरच्या स्टेशनबाहेरच्या भिंतीवरून त्याने ते अलगद सोडवून आणलं होतं, कोपरे फाटले नव्हते. अंगात लाल कोट होता, इस्त्री केलेला. केसांना तेल. मला वाटलं, कुठे वाजवायला निघालाय.

‘ताई, मास्तरनं सांगितलं का तुम्हाला?’

‘सांगितलं. तुमच्याच तोंडून ऐकलं मी.’

‘मंग हे?’ त्याने पोस्टर काउंटरवर पसरलं.

‘तुम्ही म्हणालात तसंच केलंय.’

‘मी?’ तो म्हणाला. ‘मी तर, ताई...’

तेवढ्यात माझं डोकं फिरलं. रोज माणसं येतात, आधी हो म्हणतात, काम झालं की तोंड वाकडं करतात. मला वाटलं हा त्यांतलाच. मी म्हटलं, ‘बबनभाऊ, शब्द देऊन फिरणारा माणूस मला चालत नाही. पोस्टर गावोगाव लागलंय. आता रुसून काय उपयोग? काही म्हणणं नाही म्हणालात ना? मग आता कुठून निघालं म्हणणं?’

 त्याने पोस्टरवर वाकून समीरच्या खांद्याजवळ बोट ठेवलं.

‘सगळा काढला, ताई. बोटं का ठेवली?’

 उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, ‘जा आता, गिऱ्हाईक आलंय.’

गिऱ्हाईक नव्हतं. दुकान रिकामं होतं. त्याने मागे वळून रिकाम्या बाकाकडे पाहिलं, जिथे तो पहिल्या दिवशी बसला होता. माठातलं पाणी प्याला. पोस्टरची नीट सुरळी केली.

‘बराबर हाय,’ म्हणाला आणि गेला.

मी त्याला परत पाहिलं नाही. तो लग्नाच्या बँडात परत गेल्याचं कळलं होतं. पुढच्या मे महिन्यात, दुपारच्या वरातीत, तोच लाल कोट अंगात असताना त्याला ऊन लागलं. चालता चालता खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हे मला पेपरवाल्याने सांगितलं, दोन दिवसांनी.

सातव्या दिवशी त्याची बायको सुनंदा स्टुडिओत आली. दहाव्याला फोटो लागतो. ‘त्यांचा एकट्याचा एकबी फोटो न्हाई घरात,’ ती म्हणाली. ‘तुमच्यापाशी असंन.’

मी कॉम्प्युटर उघडला. बबन होता, शेकडो फोटोंत होता, पण एकटा कुठेच नव्हता आणि समोर बघत कुठेच नव्हता. मी शोधत होते आणि सुनंदा मागे बसून नवऱ्याचा फोन चाळत होती. दिवसभर त्याचे जुने मेसेज ऐकत असते म्हणाली. तिने एक लावला. स्टेशनचा भोंगा वाजला. ‘मास्तर, तू फोटोचं म्हणून राह्यला व्हता ना...’

‘हे मी ऐकलंय,’ मी म्हटलं.

‘माझं काही म्हणणं न्हाई—’ आवाज तुटला, आणि लगेच पुढचा सुरू झाला.

‘सुटला. माझं काही म्हणणं न्हाई कपड्याचं. ताई म्हणतील ते घालतो, कोट म्हणल्या तर कोट. पर एकट्याचा काढा म्हणाव. म्हातारीला पाहिजे. खिळ्याला लावायला.’

मी तो फोन तिच्या हातातून घेतला. परत लावला. परत लावला. आवाजाचा मेसेज समोरच्याने ऐकला की त्यावरची माइकची खूण निळी होते. दोन्ही मेसेजवरच्या खुणा निळ्या होत्या. आणि खाली समीरचं उत्तर होतं, एका शब्दाचं: ‘सांगतो.’

म्हणून तो इस्त्री केलेला कोट. म्हणून केसांना तेल. तो माझ्याकडे भांडायला आलाच नव्हता. फोटो काढायला आला होता, आणि वाटेत त्याला भिंतीवर ते पोस्टर दिसलं.

मी सुनंदाला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर तिला कळलं नसतं, पण मी सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘त्यांचा पैला मेसेज अर्धाच असतो, हे तुम्हाला ठावं व्हतं ना ताई? मंग एक फोन का न्हाई केला?’

त्याचं उत्तर मी तिला दिलं. नावाच्या अक्षरांचं सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, ‘मास्तरला बी इचारा.’

मी विचारलं. पहिल्या फोनला समीर म्हणाला, ‘ताई, आता कशाला जुनं उकरता?’ मी दुसऱ्या मेसेजचं नाव काढलं, तर म्हणाला, आवाज येत नाहीये, आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही. आता तो पुण्यात असतो, ‘भट्टी’ चांगली चालते, वरातीचा तो ठोका त्यांची ओळख झाला आहे. परवा एका मुलाखतीत कुणीतरी त्याला विचारलं, पहिले एक ड्रमर होते ना तुमचे? समीर म्हणाला, ‘हो, बबनभाऊ. त्यांनी स्वतःहून बाजूला व्हायचं ठरवलं. त्यांचा आवाज आहे माझ्याकडे.’ आणि त्याने तो ऐकवला. पहिला. तेवढाच. बबन मेल्यावरही तेच वाक्य अर्धं बोलतोय, लोक ऐकतायत आणि म्हणतायत, काय मोठ्या मनाचा माणूस.

दहाव्यासाठी मी अंकुशनगरचा तोच फोटो घेतला. या वेळी समीरला काढलं, उंच पोराला काढलं, चष्मेवाल्याला काढलं. समीरच्या खांद्यावरचा हात फ्रेमबाहेर कापला. बबन एकटा राहिला, पण नजर होती तिथेच राहिली, डावीकडे, जिथे आता कुणी नाही. नजर मला बदलता आली असती. मी बदलली नाही.

फोटो घेऊन मी स्वतः त्याच्या गावी गेले. खिळा होता, आज्याच्या आणि थोरल्याच्या मध्ये, गंजलेला. मी माझ्या हाताने फोटो लावला. म्हातारी समोर बसली होती. तिला कमी दिसतं. जवळ येऊन, फ्रेमला नाक लावून तिने पाहिलं, मग त्याची नजर जाते तिकडे मान वळवली. तिथे घराचं दार आहे.

‘दाराकडं बघून राह्यलाय,’ ती म्हणाली. ‘कुणी यायचंय का याचं?’

मी त्या फोटोखाली बसले आणि माझ्या हातून काय झालं ते तिला सांगितलं. तेव्हापासून मी महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जाते. दर वेळी म्हातारी हेच विचारते. स्टुडिओत एकटी असले की मी तो पहिला मेसेज लावते, आणि तो संपला की अजूनही थांबते, ‘सुटला’ ऐकू येईल म्हणून. माझ्या फोनमध्ये ते येणार नाही. मला तेवढाच पाठवला होता.

समीर, मी दोषी आहे हे मी त्या घरात, त्या फोटोखाली बसून सांगितलंय. आता तुझी पाळी. दुसरा मेसेज तू ऐकला होतास. खूण निळी आहे आणि तो फोन सुनंदाने जपून ठेवलाय. तो ऐकून तू पहिला माझ्यापुढे का धरलास, याचं उत्तर मला फोनवर नको, मुलाखतीत नको. अंतरवालीच्या चौकात उतर, कुणालाही विचार, बबन बँडवाल्याचं घर दाखवतील. दार दिवसभर उघडं असतं. त्या दारातून आत ये, तो बघतोय तिथे उभा राहा, आणि म्हातारीला सांग.